हजार वजा एक

गणिताच्या वर्गात एक मुभा असते, ती दुसऱ्या कुठल्याच वर्गात नसते. शेवटच्या बाकावरचं पोरगं उठून ‘कशावरून?’ म्हणू शकतं, आणि मग फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचं वय, पदवी, पगार काही कामाला येत नाही. सिद्धता द्यावी लागते. निदान कागदोपत्री तरी असं आहे. प्रत्यक्षात आमची पोरं ‘हे परीक्षेला येणार का’ एवढंच विचारतात, पण तो दोष गणिताचा नव्हे.

हीच गणितातली माणसं, त्यात मीही आले, संगणकापुढे बसली की एकदम भाविक होतात. भलामोठा निश्चयक, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी सारणीवरून काढायची एक संख्या, टाकायचा, एंटर दाबायचं, पडद्यावर आलेला आकडा वहीत उतरवायचा. कशावरून? तर मशीननं सांगितलं म्हणून. २०१४ साली तीन स्पॅनिश गणितज्ञांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’ या नियतकालिकात आपली कर्मकथा छापली. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरची उत्तरं जुळेनात म्हणून ते खोलात शिरले, तेव्हा कळलं की त्यातलं एक, जगभर नावाजलेलं आणि चांगली किंमत मोजून घ्यावं लागणारं, मोठ्या पूर्णांकांचे निश्चयक चक्क चुकीचे काढतंय. तीच सारणी पुन्हा दिली तर उत्तर पुन्हा वेगळं. आणि आत नेमकं काय बिघडलंय हे बघायची सोय नाही, कारण कोड कंपनीच्या कुलपात.

हे वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग घाम. आमच्या वर्गात चाळीस वर्षं तेच प्रमेय शिकवणाऱ्या माणसालाही सिद्धता लिहून दाखवावी लागते, आणि इथे बंद पेटीनं दिलेला आकडा शोधनिबंधात जातो.

जर्मनीतल्या आखेनमध्ये १९८६ साली ‘गॅप’ ही ग्रुप थिअरीची, म्हणजे बीजगणिताच्या एका शाखेची, संगणक-प्रणाली सुरू करणारे योआखिम नॉयब्यूझर यांनी हाच सल फार नेमका मांडला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ग्रुप थिअरीतलं सिलोचं प्रमेय तुम्ही ग्रंथालयात बसून सिद्धतेसकट वाचू शकता आणि पुढे जन्मभर फुकट वापरू शकता. मग तेच प्रमेय वापरणाऱ्या प्रोग्रामसाठी वर्षाच्या वर्षाला पैसे का भरायचे, आणि वर आत डोकावायची बंदी का सोसायची? २००५ साली विल्यम स्टाइन या अमेरिकन गणितज्ञानं सेजमॅथ (थोडक्यात सेज) या मोकळ्या गणिती सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती काढली ती याच वैतागातून. त्यानं शहाणपणा एवढाच केला, की सगळं नव्यानं लिहीत बसला नाही. फ्रान्समधल्या बोर्दोचं पारी, आखेनचं गॅप, कायझर्सलाउटर्नचं सिंग्युलर, एमआयटीत १९६०च्या दशकात सुरू झालेल्या ‘मॅकसिमा’चा (Macsyma) मुक्त वारस मॅक्सिमा (Maxima), अशी आधीच असलेली मोकळी सॉफ्टवेअरं एकत्र आणली आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेनं बांधली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, सॅन डिएगोला ही मंडळी एकत्र बसली. त्या बैठकांना ‘सेज डेज’ म्हणतात आणि आजवर अशा शंभराहून जास्त झाल्या आहेत. सकाळी व्याख्यानं, दुपारी मांडीला मांडी लावून कोड, संध्याकाळी कुणाचं किती झालं आणि कुठे अडलं याचा पाढा.

आमची कोल्हापूरची सेजची कार्यशाळा त्या क्रमात बसणारी नव्हती. आम्हीच चार-दोन शिक्षकांनी ठरवलं, एका कॉलेजनं लॅब दिली, पुण्यात नोकरी करणारे आमचे काही जुने विद्यार्थी सुट्टी टाकून आले. बाहेरगावच्या पोरांची सोय शाहू महाराजांच्या काळापासून चालत आलेल्या एका बोर्डिंगात झाली. उद्घाटन नको असं मी म्हणत होते, पण कोल्हापुरात नारळ फुटल्याशिवाय काही सुरू होत नाही. प्रमुख पाहुण्यांनी जयंत नारळीकरांचा जन्म इथला, १९३८चा, हे सांगितलंच. इथे गणिताचं नाव निघालं की ते वाक्य यायचंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्यानंतर पाहुणे चहा घेऊन निघून गेले आणि पोरांनी काय केलं हे बघायला थांबले नाहीत.

सेज मुळापासून बांधायचं म्हटलं तर जुन्या लॅपटॉपला तासन्‌तास लागतात. पंखा गरगरत राहतो, पडद्यावर ओळी सरकत राहतात. लॅबचं नेट बघता आम्ही तयार आवृत्ती पेन ड्राइव्हवरच आणली होती. तरी अर्धी सकाळ त्यात गेलीच. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी सरकारी किंवा निमसरकारी लॅबमध्ये काही बसवलंय त्यांना कळेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

हात साफ करायला पहिला सराव म्हणून आम्ही कापरेकरांचा स्थिरांक दिला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर. १९४९ साली त्यांना सापडलेली ही गंमत. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराशी पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता, आणि मग हलत नाही. ३५२४ घ्या: ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. मग ८७३० वजा ३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. कापरेकरांकडे ना पीएचडी होती ना विद्यापीठातली जागा. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला ते नीट कळले. आपल्याकडे तोवर काही लोक त्यांच्या कामाला ‘आकड्यांचे खेळ’ म्हणून नाक मुरडत होते.

दहा ओळींचा प्रोग्राम. पोरांनी पटापट लिहिला. हुपरीचा एक मुलगा, घरी चांदीच्या पैंजणांचं काम, आकड्यांत हात चलाख. त्याचा सगळ्यांत आधी झाला. त्यानं ३५२४ टाकून दाखवला, २०२६ टाकला, स्वतःच्या गाडीचा नंबर टाकला. ६१७४, ६१७४, ६१७४. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या मागे गारगोटीकडची एक मुलगी उभी होती. एम.एस्सी.ला आहे, वर्गात मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, “हजार टाक की.”

त्यानं १००० टाकला. उत्तर आलं शून्य.

सगळे पडद्यावर वाकले. हजाराचे अंक उतरते लावले तर १०००, चढते लावले तर ०००१, म्हणजे एक. वजाबाकी ९९९. इथवर बरोबर. पण प्रोग्रामच्या लेखी ९९९ ही तीन अंकी संख्या. उतरती ९९९, चढती ९९९, वजाबाकी शून्य, खेळ खल्लास. कापरेकर मात्र तिला ०९९९ लिहायचं म्हणतात. पुढचं शून्य जपलं तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, तिथून ८०८२, तिथून ८५३२, आणि मग ६१७४. मशीनच्या दृष्टीनं पुढच्या शून्याला काही किंमत नाही; या खेळात मात्र सगळी किंमत त्या शून्यालाच.

मला जास्त आवडलं ते तिनं पुढे केलेलं काम. असे अडणारे आकडे किती, हे तिनं मशीनला विचारलं. चार अंकी संख्या एकूण ९,०००. चारही अंक सारखे असलेल्या ९ सोडल्या तर पहिल्याच वजाबाकीत ९९९ देणाऱ्या निघतात फक्त ६८. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. मनाला येईल तो आकडा टाकून बघणाऱ्याला ही खोट कदाचित जन्मात सापडणार नाही. गाडीचे नंबर टाकून तर नाहीच. ती मुद्दाम काठावर जाऊन उभी राहिली म्हणून सापडली. “हजारच का सुचला?” मी विचारलं. म्हणाली, “मॅडम, ज्या आकड्यात शून्यं जास्त तिथंच माझी वजाबाकी लहानपणी चुकायची.”

मग पुढचं शून्य जपायची दुरुस्ती करून हुपरीकरानं हट्टानं दोन अंकी आकडा टाकला. प्रोग्राम परत येईना. लॅपटॉपचा पंखा चढत गेला, कर्सर तसाच लुकलुकत. ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९. दोन अंकांत असा थांबा मिळणारच नाही, नुसतं रिंगण. पाच अंकांचीही तीच गत: ५३९५५ चे होतात ५९९९४ आणि ५९९९४ चे पुन्हा ५३९५५. सहा अंकांत आणखी वेगळं, तिथे एक सोडून दोन थांबे: ५४९९४५ आणि ६३१७६४. पोरं आता प्रोग्राम विसरून आकड्यांच्या मागे लागली होती. कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त सर, ज्यांनी उमेदीत पंच कार्डांवर फोरट्रान केलेलं, ते एकदम मोठ्यानं म्हणाले, “कोड बरोबर आहे रे. तुमची व्याख्याच अपुरी आहे!”

कार्यशाळेतलं सगळ्यांत मोलाचं वाक्य मला ते वाटलं. ‘थांबेपर्यंत चालव’ असं आपण सहज म्हणून जातो. थांबलंच नाही तर? फंक्शननं, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्यानं, काय द्यायचं, रिंगण, चूक झाल्याचा संदेश, की नुसतं गप्प बसायचं? हे ठरवताना तुम्ही प्रोग्रामर नसता, गणितीच असता. वर्गात मी ‘अस्तित्व सिद्ध करा’ म्हणून कितीदा घसा कोरडा केलाय, आणि कुणाच्या डोक्यात ते गेलं नाही. त्या दुपारी एका न थांबणाऱ्या लॅपटॉपनं ते करून दाखवलं.

सेजमध्ये एक पद्धत आहे, ती मला आमच्या पाठ्यपुस्तकांनी उचलावी असं वाटतं. प्रत्येक फंक्शनच्या पोटातच त्याची माहिती आणि उदाहरणं लिहावी लागतात: हे दिलं की हे आलं पाहिजे. ही उदाहरणं शोभेची नसतात. मशीन ती सगळीच्या सगळी पुन्हा चालवून बघतं आणि एका ओळीचं उत्तर जरी फिरलं तरी लाल अक्षरांत बोंब मारतं. उदाहरणाशिवाय फंक्शन घेतच नाहीत. गारगोटीच्या मुलीनं त्या सरावाच्या प्रोग्रामात १००० ची ओळ घातली. आता कुणी कितीही हुशारी करून ते फंक्शन ‘सुधारलं’ तरी पुढच्या शून्याला धक्का लागला की तिची ओळ त्याला अडवणार.

खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि ते बरंचसं कंटाळवाणं होतं हे प्रामाणिकपणे सांगते. नवख्यांसाठी वेगळ्या काढलेल्या छोट्या तक्रारी असतात: कुठे माहिती अर्धवट, कुठे चुकीच्या इनपुटला भलताच संदेश. २०२३ पासून सेजचं सगळं काम गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर हललंय, त्यामुळे पोरांना ते ओळखीचं होतं. लिनक्स आणि पायथन बऱ्याच जणांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर घरबसल्या गिरवलेलं. अडचण तंत्राची नव्हतीच. अडचण आली ती रिव्ह्यूला.

नियम असा, की तुमचा बदल तुम्हीच पास करायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो ओळ न्‌ ओळ वाचायचा, चालवून बघायचा आणि मगच होकार द्यायचा. इथे जात, वय, हुद्दा काही नाही. आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. गारगोटीच्या मुलीच्या वाट्याला निवृत्त सरांचा कोड आला. ती तासाभरानं माझ्याकडे आली, हळूच.

“मॅडम, सरांचं एके ठिकाणी चुकालंय. सांगू काय?”

“सांग की.”

“नको, तुम्हीच सांगा.”

मी सांगणार नाही म्हटल्यावर तिनं लिहून पाठवलं. पाच ओळींचा मजकूर, त्यात साडेचार ओळी क्षमस्व. सर, आपण ज्येष्ठ आहात, माझाच समज चुकत असेल, लहान तोंडी मोठा घास होतोय, कृपया राग मानू नये. शेवटी अर्ध्या ओळीत चूक. सरांनी चष्मा कपाळावर नेला आणि पूर्ण लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले, “अगं ए, एवढी माफी कशाला मागतीस? ओळ कितवी, ते सांग!” मग दोघं शेजारी बसले. चूक खरीच होती. सरांनी दुरुस्त केली आणि पुन्हा तिच्याकडेच तपासायला धाडली. दुसऱ्या खेपेला तिनं लिहिलं फक्त ‘ओळ ४२. इथे न वजा एक पाहिजे.’

आपल्याकडे पोरगी शिकली की ‘वळणदार’ झाली असं म्हणतात, म्हणजे उलट बोलत नाही. गणिताला ते वळण परवडत नाही. मला विचाराल तर अशा कार्यशाळेतून किती कोड बाहेर पडला हे मोजणंच चूक आहे. अनोळखी आणि मोठ्या माणसाला, आवाज न चढवता आणि मानही न खाली घालता, ‘इथे चुकलंय’ म्हणता आलेली किती पोरं बाहेर पडली हे मोजावं.

संध्याकाळी सगळी वरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर. समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध, आणि पुण्याहून आलेल्या एकाला ते पचेल का यावर पैजा. तिथे राधानगरीकडचा एक मुलगा म्हणाला, “हा रिव्ह्यू म्हणजे आमच्यातला पैराच झाला की. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू.” मला पटलं, पण अर्धंच. पैऱ्यात हिशेब फिटतो. इथे लिहिणारे उदंड आणि वाचणारे मोजके, जगभर हीच रड आहे. चांगले बदल महिनोन्‌महिने पडून राहतात, कारण दुसऱ्याचा कोड वाचण्यात नाव होत नाही.

आणि पैसाही नाही. विद्यापीठ सोडून आपण पूर्णवेळ कंपनी चालवणार, असं स्टाइननं २०१६ मध्ये जाहीर केलं. विद्यापीठीय चौकटीत सेजसारख्या सॉफ्टवेअरला पुरेसा निधी मिळवता येत नाही हे त्यानं उघडपणे लिहिलं. युरोपनं ‘ओपनड्रीमकिट’ नावाच्या प्रकल्पातून २०१५ ते २०१९ या काळात या क्षेत्रात सुमारे ७६ लाख युरो घातले, त्यानं बराच जीव आला. आमच्याकडे माझ्या बढतीच्या अर्जात शोधनिबंधाला रकाना आहे, परिषदेला हजेरी लावली त्याला रकाना आहे. हजारो लोक वापरतात त्या सॉफ्टवेअरमधली खोट काढली, त्याला नाही. शेवटी मी ‘इतर’मध्ये लिहिलं. कारकुनानं विचारलं, “हे काय आहे मॅडम? प्रमाणपत्र हाय काय?”

कार्यशाळेच्या शेवटाकडे गारगोटीच्या मुलीनं एक खरीखुरी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल सेजमध्ये घ्या’ अशी विनंती, पाठवली. ग्राफ थिअरीतलं एक फंक्शन (ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा), ज्याला आधी ग्राफ कनेक्टेड, म्हणजे सलग जोडलेला, आहे का हे लागतं. त्याच्या माहितीत एका गोष्टीचा उल्लेख नव्हता: ग्राफ रिकामाच असेल, एकही बिंदू नसेल, तर? तिनं चालवून बघितलं, येणारं उत्तर उदाहरण म्हणून लिहिलं आणि वर एक वाक्य खुलाशाचं.

वाद पेटला तो यावर. कुठल्याही दोन बिंदूंमध्ये वाट असली की ग्राफ कनेक्टेड, ही व्याख्या घेतली तर रिकाम्या ग्राफमध्ये बिंदूच नाहीत, म्हणजे अट मोडणारं कुणी नाही, म्हणजे तो कनेक्टेड. ती या बाजूची. सर उसळले. म्हणाले, मग तो वृक्षही झाला, कारण त्यात चक्र नाही; आणि वृक्षात बिंदूंपेक्षा कडा एकानं कमी असतात. शून्य बिंदू, मग कडा किती, उणे एक? म्हणून कनेक्टेड म्हणजे ‘नेमका एक तुकडा’ असंच धरायला हवं. रिकाम्यात तुकडे शून्य. आपण एकला मूळ संख्या मानत नाही, नाहीतर अवयव पाडण्याची एकमेवता मोडते. तोच न्याय इथे लावा. ग्राफवाल्यांमध्ये हा वाद जुनाच आहे आणि दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत.

सरांचं म्हणणं, नुसतं लिहून काय ठेवतेस, फंक्शनच बदल. तिचं म्हणणं, बदललं तर आजच्या उत्तरावर विसंबून लिहिलेला दुसऱ्यांचा कोड मोडेल. सेजमध्ये असला बदल करायचा तर आधी वर्षभर सूचना देत राहावं लागतं. आधी आहे ते लिहून तरी ठेवू, मग भांडू. “मी बघतो सर, तुम्ही तुमचं म्हणणं तिथंच लिहा,” म्हणाली. सरांनी त्यासाठी गिटहबवर खातं उघडलं. पासवर्ड तिनंच लिहून दिला, वहीच्या मागच्या पानावर.

तिकडे युरोपात घड्याळ आपल्यापेक्षा काही तास मागे. त्यामुळे इथल्या दुपारी तिथल्या मेंटेनरची, म्हणजे सेजचा कोड सांभाळणाऱ्याची, सकाळ उजाडायची आणि त्याला दोन नव्या प्रतिक्रिया मिळायच्या, एक तिची, एक सरांची, एकमेकींच्या पूर्ण विरुद्ध आणि दोन्हींत ओळींचे क्रमांक अचूक. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर त्यानं रिकाम्या ग्राफबद्दल काही न बोलता एवढंच विचारलं, की तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता का?

तिनं उत्तर टाकलं: “हो. एकाच बाकावर बसलोय.”